नवरोज ऑगस्टमध्ये कसा आला?

ऑगस्टच्या मध्यावर पारशी शेजाऱ्यांना ‘पतेती मुबारक’ म्हणायची मुंबईकरांची जुनी सवय आहे. खरं तर पतेती हा वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या चुकांची क्षमा मागण्याचा. शुभेच्छा द्यायच्या त्या दुसऱ्या दिवशी, नवरोजला. पण इराणात नवरोज 20-21 मार्चला, दिवस-रात्र समान होतात तेव्हा साजरा होतो. मग आपल्याकडे तो भर पावसात कसा?

याचं मूळ पाव दिवसाच्या हिशेबात आहे. जरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्या धर्माच्या, वर्षात 30 दिवसांचे 12 महिने आणि शेवटी गाथांचे 5 दिवस, म्हणजे एकूण 365. वरचा पाव दिवस धरलाच जात नाही, त्यामुळे सण चार वर्षांत एक दिवस आणि 120 वर्षांत अख्खा महिना मागे सरकतो. त्यावर परंपरेने सांगितलेला उपाय म्हणजे दर 120 वर्षांनी एक तेरावा महिना, आपल्या धोंड्याच्या महिन्याचा लांबचा भाऊच. सातव्या शतकात इराणातलं जरथुष्ट्री सासानी साम्राज्य कोसळलं. पुढे इराणातून भारतात आलेल्या पारशांनी बाराव्या शतकाच्या सुमारास एकदाच असा महिना धरला, नंतर कधीच नाही. इराणात राहिलेल्या जरथुष्ट्रींनी तेवढाही धरला नाही.

गंमत म्हणजे नवरोज वसंतात पक्का बसवला तो एका मुसलमान सुलतानाने. 1079 मध्ये इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक सुलतान मलिकशाहने नेमलेल्या ज्योतिर्विदांनी नवी कालगणना लावली. त्यांत उमर खय्यामही होता. ज्यांचा हा धर्म, त्यांचं पंचांग मात्र सरकतच राहिलं.

भारतात आणि इराणात एक महिन्याचा फरक पडलाय हे सुमारे सहाशे वर्षं कुणाच्या फारसं ध्यानात आलं नसावं. 1720 च्या सुमारास जामास्प विलायती नावाचे दस्तूर, म्हणजे धर्मगुरू, इराणहून आले आणि त्यांनी तो दाखवून दिला. 1745 मध्ये सुरतेकडच्या काही पारशांनी इराणी गणना स्वीकारली. ते कदमी म्हणवले, बाकीचे शहेनशाही. वाद इतका टोकाला गेला की प्रार्थनास्थळंही वेगळी झाली. मुंबईतल्या फणसवाडीचं 1783 चं दादीशेठ आतश बेहराम हे अग्निमंदिर कदमींचं आहे. कदमी नववर्ष आजही महिनाभर आधी, जुलैत येतं. 1906 मध्ये खरशेदजी कामा यांनी फसली साल मंडळ काढून तिसरा पर्याय दिला: लीप वर्ष धरा आणि नवरोज 21 मार्चला करा. तो थोड्यांनीच उचलला. तरी जमशेदी नवरोज म्हणून 21 मार्च बहुतेक पारशी घरांत साजरा होतोच, म्हणजे रवो आणि शेव हे गोड पदार्थ वर्षातून दोनदा.

शहेनशाही नववर्षाचं सरकणं अजून चालू आहे. 1947 साली ते 4 सप्टेंबरला आलं होतं. 2024 पासून 2027 पर्यंत ते नेमकं 15 ऑगस्टला येतंय, त्यामुळे महाराष्ट्रात दोन सुट्ट्यांची एकच झाली आहे. 2028 मध्ये ते 14 ऑगस्टवर जाईल.