तांत्रिक मानकनिर्मितीतील अभियंत्यांचा सहभाग

एखादी वस्तू, सुटा भाग, चाचणीची रीत किंवा दोन यंत्रांमधील संदेशांची देवाणघेवाण कशी असावी, हे नेमक्या शब्दांत ठरवून देणारा लेखी दस्तऐवज म्हणजे तांत्रिक मानक. निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी मिळून तो तयार केला आणि तो देशोदेशी वापरात आला, की त्याला जागतिक मानक म्हणतात. मानके कुठूनतरी ‘वरून’ येतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मानक संस्थांची कार्यालये पत्रव्यवहार, मतदान आणि प्रकाशन सांभाळतात. मजकूर लिहितात ते आपापली नोकरी करून समित्यांवर काम करणारे अभियंते. संस्था त्यांना या कामाचा मोबदला देत नाहीत. वेळ आणि प्रवासखर्च बहुधा त्यांची कंपनी, विद्यापीठ किंवा सरकारी खाते सोसते; स्वतंत्र सल्लागार असेल तर पदरमोड करावी लागते. या कामात मतापेक्षा मजकुराला वजन असते. आक्षेप घेणारे पुष्कळ असतात, पर्यायी वाक्य लिहून आणणारे थोडे, आणि अंतिम दस्तऐवजात बहुतेक वेळा या थोड्यांचीच वाक्ये उरतात.

पार्श्वभूमी : तारायंत्राच्या सुरुवातीच्या काळात संदेश देशाच्या सीमेवर अडत. तिथे तो कागदावर उतरवून पलीकडच्या कार्यालयाच्या हाती द्यावा लागे. हा खोळंबा टाळण्यासाठी १८६५ मध्ये पॅरिस येथे २० युरोपीय राष्ट्रांनी करार केला आणि त्यातून आजचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, उभा राहिला. विद्युत क्षेत्रासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग, म्हणजे आयईसी, १९०६ मध्ये लंडनला स्थापन झाला. लॉर्ड केल्व्हिन हे त्याचे पहिले अध्यक्ष. मानक नसले तर काय होते याचा दाखला त्याच सुमारास मिळाला होता. १९०४ मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोर शहराला मोठी आग लागली तेव्हा शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, पण त्यांच्या नळ्यांचे आटे तिथल्या हायड्रंटना, म्हणजे रस्त्यावरील पाण्याच्या तोट्यांना, बसेनात. उर्वरित उद्योगांसाठीची आंतरराष्ट्रीय मानक संघटना, म्हणजे आयएसओ, १९४६ मध्ये २५ देशांच्या प्रतिनिधींनी लंडनला ठरवली आणि १९४७ मध्ये तिचे काम सुरू झाले. १९५१ मध्ये निघालेला तिचा पहिला दस्तऐवज औद्योगिक लांबीमापन कोणत्या तापमानाला धरावे एवढेच सांगणारा होता. उत्तर होते २० अंश सेल्सिअस.

प्रवेशाच्या वाटा : अभियंत्याने कोणत्या दारातून आत शिरायचे हे संस्थेवर अवलंबून असते. ही दारे एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत, की एका संस्थेत वर्षानुवर्षे मुरलेला माणूसही दुसऱ्या संस्थेत नवखाच ठरतो.

आयएसओ आणि आयईसी यांमध्ये सभासद असतात ते देश, आणि प्रत्येक देशाला एक मत. ब्रिटनची बीएसआय, जर्मनीची डीआयएन, भारतीय मानक ब्यूरो अशा राष्ट्रीय संस्था त्या मताच्या धनी. त्यामुळे अभियंत्याची वाट आपल्या देशाच्या राष्ट्रीय संस्थेतून जाते. आंतरराष्ट्रीय तांत्रिक समितीच्या जोडीला देशात एक समांतर समिती असते. आलेला मसुदा वाचणे, त्यावर हरकती-सूचना तयार करणे आणि देशाचे मत ठरवणे हे तिचे काम. याच समितीमार्फत एखाद्याचे नाव आंतरराष्ट्रीय कार्यगटासाठी पाठवले जाते. येथे एक बारीक, पण महत्त्वाचा भेद आहे. तांत्रिक समितीच्या सभेला जाणारा देशाचा प्रतिनिधी असतो आणि त्याला देशाची भूमिका मांडावी लागते. कार्यगटातला तज्ज्ञ मात्र व्यक्तिशः बोलतो. देशाच्या भूमिकेला त्याने बांधून घेणे अपेक्षित नसते. मसुद्याचे पहिले शब्द कार्यगटातच लिहिले जात असल्याने खरी जडणघडण तिथे होते.

आयईईई या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेत बहुतेक कामे व्यक्तींच्या सहभागावर चालतात. इथरनेट आणि वाय-फाय यांची मानके जिथे घडतात ती ८०२ क्रमांकाची समिती १९८० पासून काम करते आहे. तिथे मताधिकार पदावरून मिळत नाही, सभांना नियमित हजेरी लावून कमवावा लागतो आणि हजेरी चुकली की तो जातोही.

इंटरनेटचे मूळ प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांमधील संदेशांच्या देवाणघेवाणीचे नियम, लिहिणाऱ्या आयईटीएफ या संघटनेत तर सभासदत्वच नाही. १९८६ साली सॅन डिएगोच्या पहिल्या बैठकीला २१ जण होते. आज कोणीही कार्यगटाच्या ईमेल यादीवर नाव नोंदवून त्याच दिवशी मत मांडू शकतो. वर्षातून तीन प्रत्यक्ष बैठका होतात, पण तिथे झालेला निर्णय यादीवर पुन्हा पक्का करावा लागतो, म्हणून प्रवास न करणारा माणूस निर्णयातून वगळला जात नाही. मसुदाही कोणीही दाखल करावा. सहा महिन्यांत पुढची आवृत्ती आली नाही तर तो आपोआप बाद होतो.

वेबची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी आणि मोबाइल दूरसंचाराची थ्रीजीपीपी या मुख्यतः संघटनांच्या संस्था आहेत. डब्ल्यूथ्रीसीमध्ये निमंत्रित तज्ज्ञ म्हणून व्यक्तीलाही जागा मिळते, शिवाय तिचे सामुदायिक गट सर्वांना खुले असतात. थ्रीजीपीपीमध्ये युरोप, अमेरिका, चीन, जपान, कोरिया आणि भारत येथील सात भागीदार संस्थांपैकी एखादीची सभासद असलेली कंपनी किंवा संस्था पाठीशी लागते. एकट्याने तिथे फारसे काही करता येत नाही. आयटीयूमध्ये सरकारांचा शब्द मोठा. कंपन्या आणि शैक्षणिक संस्था सरकारांहून वेगळ्या वर्गांतील सभासद म्हणून येतात.

मसुद्याचा प्रवास : आयएसओमध्ये नव्या कामाचा प्रस्ताव, कार्यगटाचा मसुदा, समितीचा मसुदा, देशांच्या चौकशीसाठीचा मसुदा आणि अंतिम मसुदा अशा पायऱ्या आहेत. सगळ्याला दीड ते तीन वर्षे धरली जातात. प्रस्ताव मंजूर व्हायला नुसते होकार पुरत नाहीत. समितीच्या आकारानुसार किमान चार किंवा पाच देशांनी आपला तज्ज्ञ कामाला देऊ असे सांगावे लागते. हा नियम फार शहाणपणाचा आहे, कारण काम कोणी करायचे या प्रश्नावर चांगल्या कल्पनाही बारगळतात. चौकशीचा मसुदा १२ आठवडे मतदानाला असतो. समितीच्या कामात सहभागी असलेल्या सभासद देशांची दोन-तृतीयांश मते अनुकूल हवीत आणि एकूण मतांपैकी प्रतिकूल मते एक-चतुर्थांशाहून अधिक नकोत.

हरकती पाठवायचा एक ठरावीक तक्ता असतो. ओळ क्रमांक, कलम, परिच्छेद, हरकत सर्वसाधारण की तांत्रिक की संपादकीय, हरकत काय, बदल काय सुचवता, आणि शेवटचा स्तंभ सचिवालयाच्या निर्णयासाठी रिकामा. समजा, मसुद्यात ‘उपकरण पुरेसे कोरडे झाल्यावर चाचणी घ्यावी’ असे वाक्य आहे. ‘हे संदिग्ध आहे’ असे लिहून बदलाचा रकाना कोरा सोडला, तर सभेत ती हरकत अर्ध्या मिनिटात ‘नोंद घेतली’ या शेऱ्यानिशी निकालात निघते. त्याच रकान्यात ‘उपकरण ४० अंश सेल्सिअस तापमानात १६ तास ठेवल्यानंतर चाचणी घ्यावी’ असे लिहिले, की समितीला आकड्यावर बोलावेच लागते. १६ तास का, १२ का नाहीत, हा वाद सुरू झाला म्हणजे सूचना अर्धी स्वीकारली गेली असे समजायला हरकत नाही. आपल्या प्रयोगशाळेत मोजलेले चार आकडे सोबत असले तर उत्तमच. मानकात बंधनकारक, शिफारशीचे आणि नुसती मुभा देणारे विधान यांत काटेकोर फरक केला जातो. नवे सभासद चुकतात ते बहुधा इथे : जी गोष्ट तपासता येत नाही तीच ते बंधनकारक करून ठेवतात.

सहमती : आयएसओ आणि आयईसी यांच्या व्याख्येनुसार सहमती म्हणजे सर्वांचे एकमत नव्हे. महत्त्वाच्या मुद्द्यावर संबंधितांपैकी कोणत्याही महत्त्वाच्या घटकाचा टिकून राहणारा विरोध नसणे आणि सर्वांची मते विचारात घेण्याचा प्रयत्न झालेला असणे, एवढे पुरते. आयईटीएफने हेच आपल्या रीतीने केले. ‘राजे, राष्ट्राध्यक्ष आणि मतदान आम्हाला अमान्य, ढोबळ सहमती आणि चालता कोड (प्रत्यक्ष चालणारा संगणक-प्रोग्राम) यांवर आमचा विश्वास’ या आशयाचे इंटरनेटच्या जडणघडणीतील संशोधक डेव्हिड क्लार्क यांचे १९९२ मधील उद्गार तिथे आजही ऐकवले जातात. बैठकीत परंपरेने अध्यक्ष हात वर करायला सांगत नाहीत, गुणगुणायला सांगतात. आवाज कोणत्या बाजूने मोठा आला यावरून अंदाज घेतात. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण डोकी मोजायची नाहीत हे त्यामागचे तत्त्व आहे. एकट्या माणसाने दाखवलेला तांत्रिक दोष खरा असेल, तर शंभर जणांच्या पसंतीने तो नाहीसा होत नाही.

एकट्यादुकट्याच्या कामाने मानक कसे वळते याचे ठळक उदाहरण म्हणजे संगणकातील अपूर्णांकांच्या गणिताचे आयईईई ७५४ हे मानक. १९७० च्या दशकाअखेर प्रत्येक उत्पादकाचे यंत्र त्याच आकडेमोडीचे थोडे वेगळे उत्तर देई. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम कॅहन यांनी आपला विद्यार्थी जेरोम कूनन आणि हॅरल्ड स्टोन यांच्यासह एक मसुदा समितीपुढे ठेवला. वाद पेटला तो अगदी लहान संख्यांवरून. संख्या एका मर्यादेखाली गेली की तिला एकदम शून्य करायचे, की अचूकता हळूहळू कमी करत न्यायचे? एका मोठ्या संगणक कंपनीचे म्हणणे होते, की दुसरा मार्ग यंत्रणेला फार मंद करील. कॅहन यांच्या बाजूच्यांनी तो पुरेशा वेगाने राबवता येतो हे प्रत्यक्ष मांडणी करून दाखवले. विरोधी कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञानेही अखेर त्याच मार्गाच्या बाजूने कौल दिला. १९८५ मध्ये मानक प्रसिद्ध झाले, आणि आजचे बहुतेक सगळे संगणक तेच पाळतात.

चालत्या कोडचे महत्त्व टीएलएस १.३ या सुरक्षित संदेशवहनाच्या प्रोटोकॉलच्या वेळी पुन्हा दिसले. काम चार वर्षे चालले, मसुद्याच्या २८ आवृत्त्या झाल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. संशोधकांनी प्रसिद्धीपूर्वीच गणिती पद्धतींनी त्याची छाननी केली, हे त्याआधी फारसे होत नसे. ब्राउझर बनवणाऱ्यांनी प्रत्यक्ष जाळ्यावर चाचण्या घेतल्या तेव्हा एक वेगळीच अडचण निघाली : वाटेतील काही उपकरणांना नवा आवृत्ती क्रमांक दिसला की ती जोडणीच तोडत. म्हणून नव्या प्रोटोकॉलला जुन्याचा, म्हणजे १.२ चा, वेष चढवण्यात आला. संदेशाच्या जुन्या रकान्यात आजही १.२ चाच क्रमांक जातो आणि खरी आवृत्ती एका जोडरकान्यात सांगितली जाते. कागदावर हे कुरूप आहे, पण चालते.

दक्ष वाचकाचे काम प्रसिद्धीनंतरही संपत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने (एनआयएसटी) २००६ मध्ये मान्य केलेल्या एका यादृच्छिक संख्याजनकात, म्हणजे गुप्त संदेशांसाठी अंदाज न येणाऱ्या संख्या तयार करणाऱ्या रीतीत, चोरवाट असू शकते, हे डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन यांनी २००७ मध्ये एका परिषदेतील छोट्या सादरीकरणात दाखवले. तो जनक मागे घ्यायला २०१४ साल उजाडले. इशारा आणि कृती यांतले हे अंतर समित्यांच्या बाबतीत बरेच काही सांगून जाते.

पेटंट आणि शिस्त : मानकात एखाद्याचे पेटंट असलेले तंत्र आले, की मानक पाळणाऱ्या प्रत्येकाला परवाना घ्यावा लागतो. म्हणून बहुतेक संस्था वाजवी आणि भेदभावरहित अटींवर परवाना देण्याची हमी मागतात. डब्ल्यूथ्रीसीने २००४ पासून स्वामित्वशुल्क नसलेल्या परवान्याचे धोरण ठेवले आहे. आपल्याला ठाऊक असलेले संबंधित पेटंट उघड करण्याची जबाबदारी आयईटीएफसारख्या संस्थांत व्यक्तीवरही येते, त्यामुळे पहिला मसुदा पाठवण्याआधी कंपनीच्या विधी विभागाशी बोललेले बरे. सभेत किमती, बाजारपेठेची वाटणी, ग्राहक यांविषयी बोलणे स्पर्धा कायद्यांमुळे वर्ज्य असते. तसा विषय निघालाच तर सभा सोडून जावे आणि इतिवृत्तात तशी नोंद करायला सांगावे.

नवख्यांसाठी : रोजच्या कामात जे मानक हाताळावे लागते त्यापासून सुरुवात करणे सोपे जाते, कारण त्यातल्या खाचा आधीच बोचलेल्या असतात. आयईटीएफमध्ये प्रसिद्ध दस्तऐवजातील चूक कोणीही कळवू शकतो. ती मान्य झाली तर कार्यगटात नाव माहीत होते. दोन निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे एकमेकांशी जुळतात का हे पाहणाऱ्या चाचण्यांतही नव्यांना हात घालता येतो. सर्वांत दुर्लक्षित वाट इतिवृत्त लेखनाची आहे. सभेत त्यासाठी कोणी पुढे येत नाही. जो येतो, त्याला कोणाचा मुद्दा काय आहे हे इतरांपेक्षा आधी आणि नीट कळते, आणि वर्ष-दोन वर्षांत संपादकाची जागा रिकामी झाली की विचारणा त्यालाच होते. संपादकाला निर्णयाचा अधिकार नसतो. मान्य झालेला मुद्दा कोणत्या शब्दांत बसवायचा हे मात्र तोच ठरवतो.

अडथळे : वेळ आणि पैसा हा पहिला. वर्षाकाठी तीन-चार परदेशी सभांना माणूस पाठवणे मोठ्या कंपन्यांना परवडते. लहान उद्योगांना, ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्यांना आणि गरीब देशांना क्वचितच. ऑनलाइन सभांमुळे प्रवास वाचतो, पण कोणाला तरी मध्यरात्री जागावे लागतेच. इंग्रजीत झटपट बोलता येणाऱ्यांचा वरचष्मा राहतो. लेखी हरकत हा त्यावरचा चांगला उतारा, कारण तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला उत्तर देणे समितीला भाग असते. हजारो पानांचा मसुदा जलद मार्गाने आला की ही रीतही तोकडी पडते. कार्यालयीन दस्तऐवजांच्या ओओएक्सएमएल स्वरूपाचा सहा हजारांवर पानांचा मसुदा २००७ च्या मतदानात नापास झाला, हजारो हरकतींवर जिनिव्हात एका आठवड्याची सभा झाली आणि २००८ मध्ये तो मंजूर ठरला. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी त्याविरुद्ध अपील केले. ते फेटाळले गेले.

पुनर्विलोकन : आयएसओचे प्रत्येक मानक किमान पाच वर्षांतून एकदा सभासद देशांकडे परत जाते. ते तसेच ठेवायचे, सुधारायचे की मागे घ्यायचे एवढाच प्रश्न असतो, आणि देशात ते कोण वापरते याची माहितीही मागवली जाते. वापरणाऱ्यांनी काहीच कळवले नाही, तर समित्यांचा कल बहुधा तसेच ठेवण्याकडे असतो. त्यामुळे जुन्या मानकातील कालबाह्य चाचणीने हैराण झालेल्या अभियंत्याला आपल्या राष्ट्रीय समितीला पत्र लिहायची सर्वांत सोयीची वेळ हीच असते.