पुण्यातील रॉक-इंडी गिग

गिग म्हणजे बँडने श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष वाजवलेला, बहुधा तिकीट लावून केलेला कार्यक्रम. पुण्यात वाजवणारे आणि ऐकणारे दोघेही हाच शब्द वापरतात. मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमाला मात्र ‘कॉन्सर्ट’ म्हणतात. ‘बँड’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो, कारण पेठांतल्या जुन्या घरांत बँड म्हणजे अजून वरातीपुढचाच. चित्रपटसंगीत आणि मोठ्या संगीत कंपन्यांच्या बाहेर राहून स्वतःची गाणी स्वतः करणाऱ्यांना ‘इंडी’ म्हणतात. गाणी इंग्रजी, हिंदी, मराठी कोणतीही असोत. दणदणीत मेटलपासून एका गिटारवरच्या हळव्या गाण्यापर्यंत सगळे त्यात बसते. पुण्यातून निघून महाराष्ट्राबाहेर ऐकल्या गेलेल्या बँडमध्ये अग्नी आणि ईझी वाँडरलिंग्ज ही नावे सहज आठवतात.

जाहिरातीत नुसते ‘लाइव्ह म्युझिक’ लिहिले असेल तर ते गिग असेलच असे नाही. हॉटेलच्या कोपऱ्यात लॅपटॉपवरच्या ट्रॅकसोबत जुनी चित्रपटगीते गाणारी जोडीही त्याच शब्दांत मोडते. पोस्टरवर बँडचे नाव, सोबतच्या बँडचे नाव आणि तिकिटाची किंमत असेल, तर बहुधा ती स्वतःच्या गाण्यांची रात्र. ‘ट्रिब्यूट’ लिहिले असेल तर एखाद्या जुन्या बँडची गाणी जशीच्या तशी वाजवली जातात. त्यातही मजा असते, फक्त काय ऐकायला जातो आहोत ते आधी माहीत असावे.

जागा

गिगच्या जागा शहराच्या पूर्व भागात एकवटल्या आहेत : कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, विमाननगर, पुणे स्टेशनजवळची राजा बहादूर मिल. ऐकणाऱ्यांतले पुष्कळ जण मात्र कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता इथून येतात. कोरेगाव पार्कात ओशो आश्रमामुळे परदेशी पाहुण्यांची वर्दळ होती, तिच्या आधाराने कॅफे आणि बार उभे राहिले. नंतर खराडी-विमाननगरच्या आयटी कंपन्यांनी गिऱ्हाईक पुरवले. हाय स्पिरिट्स आणि एबीसी फार्म्समधले शीशा जॅझ कॅफे ही नावे याच पट्ट्यातली. पश्चिमेकडे नाट्यगृहे आहेत, पण तिथल्या खुर्च्या जमिनीला घट्ट बसवलेल्या असतात. बसून ऐकायचे मराठी बँडचे कार्यक्रम तिथे छान होतात; उभ्याने, हलत-डुलत ऐकायचे संगीत तिथे अवघडून जाते. पुण्यातल्या अनेक वादकांचे पहिले स्टेज मात्र नाट्यगृहाचेच असते, कारण महाविद्यालयांच्या फिरोदिया करंडक स्पर्धेत नाटकाच्या जोडीने वाद्यवृंदही प्रत्यक्ष वाजत असतो.

जागेच्या नावात एक कायमचा घोळ आहे. महालक्ष्मी लॉन्स नावाची दोन ठिकाणे आहेत, एक कर्वेनगरला राजाराम पुलाजवळ आणि दुसरे नगर रस्त्यावर. मोठे रॉक महोत्सव झाले ते नगर रस्त्यावर. रिक्षात बसताना नुसते नाव सांगितले, तर ज्या लग्नाचे आमंत्रण नाही तिथे पोहोचण्याची शक्यता असते.

दहाचा काटा

पुण्यातल्या गिगचा आकार संगीतापेक्षा घड्याळ जास्त ठरवते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत सैल करता येते, पण त्यातले बरेचसे दिवस गणेशोत्सव, नवरात्र आणि वर्षअखेरीला जातात. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी पहाटेपर्यंत रंगत असे. त्यालाही याच काट्यापुढे आवरते घ्यावे लागले. ३० एप्रिल २०२३ रोजी राजा बहादूर मिलच्या आवारात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम दहा वाजून गेल्यावर पोलिसांनी थांबवला, तेव्हा हा नियम मोठ्या नावालाही सुटत नाही हे सगळ्यांनी पाहिले.

म्हणून पुण्यात दोन वेगळी वेळापत्रके चालतात. उघड्यावरच्या कार्यक्रमाची दारे दुपारी तीन-चारला उघडतात आणि दहाच्या आत सगळे संपते. चारी बाजूंनी बंद असलेल्या जागेला ही मर्यादा तशी लागू नसल्याने तिथला पहिला बँड नऊ-साडेनऊला सुरू होतो आणि मुख्य बँड मध्यरात्रीच्या सुमारास थांबतो. गच्चीवरचे बार या दोहोंच्या मधे लटकतात : वर छप्पर, बाजू उघड्या. शेजारच्या सोसायटीतून फोन गेला की आवाज कमी होतो, कधी गाण्याच्या मधेच.

पोस्टरवरची वेळ बंद जागेत दार उघडण्याची असते, पहिला सूर तिथून पाऊण ते एक तासाने. हा हिशोब मैदानावर लावला की पंचाईत होते. तिथे शेवट हलत नसल्यामुळे उशीर झाला तर गाणीच कापली जातात, आणि शेवटी वाजवणाऱ्या मुख्य बँडची आधी कापली जातात. म्हणजे बारमध्ये थोडे उशिरा गेले तरी चालते, मैदानावर वेळेआधी.

‘वन्स मोर’चा अर्थही इथे बदलतो. संगीत नाटकात तेच पद पुन्हा म्हणून घेतले जाई. रॉकमध्ये बँड निरोप घेऊन आत जातो, आरडाओरडा झाला की परत येतो आणि आधीच राखून ठेवलेली दोन-तीन गाणी वाजवतो. दहाला पाच मिनिटे उरली असतील, तर हे आत-बाहेर करणे वगळून सरळ शेवटचे गाणे सुरू होते.

तिकीट आणि दार

छोट्या गिगचे तिकीट वारंवार ४९९ रुपयांना का दिसते, याचे कारण विक्रीच्या युक्तीइतकेच कराचे आहे : माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या कार्यक्रम-प्रवेशावर जीएसटी नाही, त्यापुढे १८ टक्के लागतो. त्यात ॲपचे सुविधा शुल्क वेगळे. ‘एंट्री’ आणि ‘कव्हर’ यांतला फरक दारावरच विचारून घ्यावा. एंट्रीचे पैसे गेले ते गेले. कव्हरचे पैसे खाण्यापिण्यात वळते होतात, कधी पूर्ण, कधी अर्धे. बँडला ठरलेली रक्कम मिळते किंवा दारावरच्या रकमेतला वाटा. दुसऱ्या प्रकारात ‘बँडच्या ओळखीचा आहे, पाहुण्यांच्या यादीत नाव टाक’ म्हणणारे मित्र बँडच्याच खिशात हात घालत असतात.

जागा बार असेल तर वयाचा सरकारी पुरावा लागतो. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी २५ आणि सौम्य बिअरसाठी २१ वर्षांची अट आहे. २०२४ पासून पुण्यातली तपासणी कडक झाली आहे, आणि बऱ्याच जागा २१ च्या आतल्यांना फक्त ऐकण्यासाठीही आत घेत नाहीत. ड्राय डेला गिग सहसा होतच नाही, कारण बँडचे मानधन बारच्या गल्ल्यातून निघते. २ ऑक्टोबर, विसर्जनाचा दिवस, मतदानाच्या आसपासचे दिवस पाहून मगच तारीख धरावी.

महोत्सवात मनगटावर कापडी पट्टा बांधतात. त्याची कडी एकाच दिशेने सरकते, मागे येत नाही. पट्टा आणि मनगट यांत एक बोट जाईल इतकी जागा ठेवावी. दोन-तीन दिवस तो अंघोळीतही हातावरच राहतो, आणि कापला की बाद.

आवाज कुठे चांगला येतो

अगदी पुढे गायक जवळ दिसतो, पण शब्द कळत नाहीत. मोठे स्पीकर दोन्ही बाजूंना असतात आणि त्यांचा रोख पहिल्या रांगांच्या डोक्यावरून मागे असतो. पुढच्यांना ड्रम आणि गिटारचे अँप (ॲम्प्लिफायर) थेट ऐकू येतात, गाणे त्याखाली दबते. भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकून उभे राहिले तर खर्जाच्या लहरी साचतात आणि बास घुमतो. सर्वांत समतोल आवाज साउंड इंजिनियरच्या मिक्सरजवळ, त्याच्या किंचित पुढे असतो, कारण तो तिथेच उभा राहून प्रत्येक वाद्याची पातळी ठरवतो. त्याच्या आणि स्टेजच्या मधे फोन उंच धरून उभे राहू नये, एवढेच.

काचेच्या भिंती आणि कमी उंचीचे छत असलेल्या बारमध्ये झांजांचा आवाज कानात घुसतो. खोली रिकामी असताना तो जास्त बोचतो. माणसे भरली की कपडे आणि शरीरे तो शोषतात. त्यामुळे संध्याकाळच्या साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीत, नीट लावलेला आवाज रात्री गढूळ वाटू शकतो आणि पहिली दोन गाणी तो परत बसवण्यात जातात. चीं असा कर्कश सूर येतो तेव्हा गायकाचा आवाज त्याच्यासमोरच्या मॉनिटरमधून (त्याला स्वतःचे गाणे ऐकू यावे म्हणून ठेवलेल्या स्पीकरमधून) निघून परत त्याच माइकमध्ये शिरलेला असतो. मोठ्याने ऐकू येत नाही म्हणून गायक मॉनिटर वाढवायला सांगतो आणि फेरा आणखी घट्ट होतो. सतत गुंगूं असा खालचा आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा अर्थिंग नीट नसते. तो ५० हर्ट्झचा विजेचाच सूर.

कान हा चेष्टेचा विषय नव्हे. ८५ डेसिबल आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी होते; १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. रॉक गिगमध्ये १०० ही नवलाची पातळी नाही. केमिस्टकडचे फोमचे बोळे स्वस्त असतात, पण वरचे सूर जास्त कापतात, गाणे उशीखालून आल्यासारखे लागते. संगीतासाठीचे फिल्टरवाले बोळे सगळे सूर साधारण सारखे, १५ ते २० डेसिबलने उतरवतात. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला बोळा जवळजवळ काहीच अडवत नाही. कानात शिट्टी वाजत असेल आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

दोन बँडांच्या मधली पंधरा-वीस मिनिटे

या वेळाला चेंजओव्हर म्हणतात. ड्रमसेट आणि अँप सगळ्या बँडना मिळून एकच असतो. ड्रमर स्वतःचा स्नेअर (सेटमधला मुख्य छोटा ड्रम), झांजा आणि पेडल तेवढे आणतो. झांजा काढणे-लावणे, माइक हलवणे, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांची पाटी जोडणे, मग प्रत्येक केबल चालतो का ते ‘चेक, चेक’ करत पाहणे. वेळ खातो तो एखादा मेलेला केबल किंवा पेडलचा अडॅप्टर. बँडचा टी-शर्ट घ्यायचा असेल, बाहेर मोकळ्यावर जायचे असेल तर हीच वेळ. गाणे चालू असताना बारपाशी उभे राहून ऑफिसच्या गप्पा मारणारे सगळीकडे भेटतात. हळव्या गाण्यात त्यांचा आवाज गायकाच्या माइकपर्यंत जातो, याची त्यांना बहुधा कल्पना नसते.

गर्दी

मेटलच्या रात्री स्टेजसमोर वर्तुळ मोकळे होते आणि त्यात लोक एकमेकांना धडका देतात. हा मॉश पिट. बाहेरून मारामारी वाटली तरी त्याला शिस्त आहे : पडलेल्याला ताबडतोब उचलायचे, कोपर आणि मूठ वापरायची नाही, कडेला उभ्या असलेल्याला आत ओढायचे नाही. बंद बूट घालावे, चष्मा खिशात, पाठीवरची सॅक नकोच. यापेक्षा खरा धोका असतो तो कठड्याजवळच्या दाटीत. चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसे झाली की गर्दी पाण्यासारखी हेलकावते आणि आपले पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. अशा वेळी हात छातीसमोर आडवे धरून श्वासापुरती जागा राखावी, लाट ओसरली की तिरके सरकत बाहेर पडावे. फोन पडला तर तो पडू द्यावा.

मैदानी महोत्सव

पावसामुळे मैदानी हंगाम ऑक्टोबरअखेर ते मार्च असा. एनएच७ वीकेंडर या महोत्सवाची सुरुवात २०१० च्या डिसेंबरात पुण्यातच झाली आणि शहराचे नाव देशभरच्या श्रोत्यांच्या तोंडी आले. तिथे स्टीव्हन विल्सन (२०१६), स्टीव्ह व्हाय (२०१७), जो सॅट्रियानी (२०१८), ओपेथ हा बँड (२०१९) अशी परदेशी नावे आली आणि ओळीने चार वर्षे गिटारप्रेमींची चंगळ झाली. अनेक स्टेज एकाच वेळी चालतात, त्यामुळे सगळे ऐकायचा हट्ट धरला तर निम्मा वेळ चालण्यात जातो. दिवसाला तीन-चार बँड पक्के करावे, बाकी जे कानावर पडेल ते. दुपारी ऊन आणि धूळ, रात्री आठनंतर अंगात कापरे भरणारी थंडी, म्हणून रुमाल आणि स्वेटर दोन्ही लागतात. बाहेरचे पाणी, छत्री, लायटर, मोठा कॅमेरा बहुधा दारावरच काढून घेतात. गर्दीत मोबाइलचे नेटवर्क बसते. तिकिटाच्या कोडचा फोटो आधीच काढून ठेवावा आणि चुकामूक झाल्यास भेटायची जागा ठरवून ठेवावी.

परतीचा प्रवास

वनाज–रामवाडी मार्गावरची मेट्रो कोथरूडला थेट जोडते आणि कल्याणीनगर, बंडगार्डन, पुणे स्टेशन ही स्थानके गिगच्या जागांना जवळची आहेत. मैदानी कार्यक्रम दहाला संपतो, शेवटची गाडी अकराच्या सुमारास असते, तेव्हा गेटबाहेर रेंगाळले नाही तर जमते. बंद जागेतल्या गिगनंतर मेट्रो मिळतच नाही. रात्री १२ ते ५ रिक्षाचे भाडे सव्वापट होते. कार्यक्रम सुटताच हजारो जण एकाच ठिकाणाहून ॲपवर गाडी शोधतात आणि भाव चढतात. मुख्य रस्त्याने अर्धा किलोमीटर पुढे चालत जाऊन गाडी मागवली की ती लवकर येते, आणि ड्रायव्हरलाही गेटपाशी वळवताना शिव्या द्याव्या लागत नाहीत.