चाकोरीबाहेरची मोटार

सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ऑडीने एक संकल्पना-मोटार, म्हणजे विकायला नव्हे तर कल्पना दाखवायला बनवलेली गाडी, मांडली. नाव एआय:ट्रेल क्वाट्रो. लांबी ४.१५ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच एसयूव्हींपेक्षा आखूडच. रुंदी मात्र २.१५ मीटर. चाकं ८५० मिलिमीटर व्यासाची, पोट जमिनीपासून ३४ सेंटिमीटर वर, अर्ध्या मीटरहून खोल पाण्यातून जाण्याची क्षमता. माणसं बसतात ती जागा जवळपास सगळी काचेची. नेहमीचे हेडलाइट नाहीत, त्यांच्याऐवजी गाडीपुढे उडत वाट उजळणारे पाच ड्रोन.

बातम्यांत ड्रोनच गाजले. मला मात्र त्या गाडीचा खालचा अर्धा भाग जास्त मोलाचा वाटतो. कारण त्यातली कोणतीही गोष्ट एका रात्रीत सुचलेली नाही. चाकाचा व्यास, टायरमधली हवा, प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर, या सगळ्यांमागे मोठा इतिहास आहे. सातारा-सांगलीच्या रानात वावरलेल्या माणसाला तो चटकन कळतो.

चाकं पुन्हा पुन्हा जाऊन जमिनीत जी खोबण पडते ती चाकोरी. गाडी चाकोरीतून चालते तोवर मातीचा प्रश्न फारसा येत नाही. चाकोरी सोडली की माती बोलायला लागते. वाळवा-पलूसची काळी जमीन पावसात फुगते आणि चाकाला लपेटून बसते. माण-खटावचा मुरूम वेगळा, कासच्या पठाराचा जांभा आणखी वेगळा. बैलगाडीचं चाक उंच असतं ते उगाच नाही. मोठ्या व्यासाचं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि धोंड्यावर सहज चढतं. पण लोखंडी धाव अरुंद, ती चिखल कापत खाली जाते. उसाच्या वाहतुकीत रबरी चाकांच्या टायरगाड्या आल्या तेव्हा ओझं रुंद जागेवर पसरलं. टायरमधली हवा थोडी कमी केली तर तो आणखी पसरतो आणि मऊ जमिनीत कमी रुततो. ऑडीच्या त्या गाडीत हेच काम आपोआप होणार होतं. खालची जमीन कशी आहे ते ओळखून टायरची हवा कमी-जास्त करायची.

अनुभवातल्या या गोष्टीला गणितात बसवण्यात सर्वांत मोठा वाटा मिएचिस्वाफ बेकर यांचा. ते मूळचे पोलंडचे, तिथल्या सैन्यातले इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाला गेले आणि पुढे अमेरिकेत स्थिरावले. ठरावीक दाबाखाली जमीन किती खचते, खचलेल्या जमिनीतून चाक बाहेर काढायला किती जोर जातो, चाक रुंद करावं की उंच, हे प्रश्न त्यांनी मोजमापाने सोडवले. माती आणि चाक यांच्या नात्याचं एक स्वतंत्र शास्त्रच त्यातून उभं राहिलं. मोटारीच्या इतिहासात इंजिनवाल्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, बेकरांचं नाव फारसं कोणी घेत नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

जुलै १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेबरोबर चंद्रावर गेलेली रोव्हर, म्हणजे अंतराळवीरांनी तिथे चालवायची गाडी, बेकर आणि हंगेरीत जन्मलेले इंजिनिअर फेरेंक पाव्लिक्स यांच्या कामातून आकाराला आली. पृथ्वीवर तिचं वजन साधारण २१० किलो. रबरी टायर तिथे चालणार नव्हते, म्हणून पोलादी तारेची विणलेली जाळी आणि तिच्यावर टायटॅनियमच्या पट्ट्या. चंद्राच्या भुसभुशीत धुळीत न रुतता पकड धरणारं चाक असं तयार झालं. चारही चाकांना प्रत्येकी पाव हॉर्सपॉवरची स्वतंत्र मोटर होती, आणि पुढची-मागची दोन्ही चाकं वळत. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये अपोलो १७ च्या रोव्हरचं मागचं मडगार्ड हातोडा अडकून तुटलं आणि धूळ अंगावर उडू लागली. अंतराळवीरांनी नकाशाचे चार कागद टेपने एकमेकांना जोडले, चिमट्यांनी मडगार्डच्या जागी बसवले आणि काम पुढे चालू ठेवलं. आपल्या गॅरेजमधल्या कोणत्याही मिस्त्रीला हा प्रसंग सांगावा, तो मान डोलावेल.

प्रत्येक चाकाला वेगळी मोटर ही कल्पना त्याहून जुनी आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात फर्डिनांड पोर्श यांनी रचलेली विजेची गाडी होती आणि तिच्या मोटरी थेट चाकांत बसवल्या होत्या. या रचनेचा फायदा चिखलात कळतो. साध्या गाडीतलं डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी दातेचाकांची जोडणी, दोन्ही चाकांना सारखाच जोर पुरवतं. एक चाक अधांतरी राहिलं किंवा घसरलं की तेच गरगर फिरतं, आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं नुसतं उभं राहतं. चार चाकांना चार मोटरी असल्या की ज्याची पकड आहे त्यालाच जोर देता येतो. ऑडीच्या गाडीत अशा चार मोटरी होत्या, एकूण ताकद ३२० किलोवॅट. रस्त्यावर चारशे ते पाचशे किलोमीटर आणि खडतर जमिनीवर अडीचशे असा पल्ला कंपनीने सांगितला होता. मातीत विजेचा खर्च किती वाढतो ते या दोन आकड्यांवरून समजतं.

वरच्या ढाच्याची कहाणी जीपपासून सुरू होते. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीची मागणी केली आणि नमुना द्यायला फक्त ४९ दिवस दिले. बँटम या छोट्या कंपनीने तो मुदतीत दिला. पुढे विलीस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. चपटी मडगार्डं, उभी काच, चाकांच्या पुढेमागे जवळपास काहीच न सोडणं, यातलं काहीही देखणेपणासाठी नव्हतं. पत्रा लवकर वाकवता यावा आणि चढावर नाक जमिनीला टेकू नये, एवढाच हेतू. १९४८ ची लँड रोव्हरही याच जीपकडे पाहून जन्मली. ती शेतकऱ्यांसाठी होती, आणि पोलादाची टंचाई होती म्हणून अंग ॲल्युमिनियमचं.

आपल्याकडे महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीस जीप जुळवायला घेतल्या. पुढे तोच सांगाडा लांब होऊन गावोगावची वडाप जीप, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी नेणारी जीप, झाला. सज्जनगडावरून ठोसेघर-चाळकेवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पाऊस आडवा लागलेला असताना, भरलेल्या वडापमध्ये मागच्या फळीवर बसून मी कितीतरी वेळा गेलो आहे. प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंगचे पाटे करकरायचे, पण गाडी वर चढायची. माझ्यासाठी 'कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी' म्हणजे आधी ती.

संकल्पना-मोटारीची परंपरा वेगळ्या घरची. विकायची नाही, पण पुढे काय करता येईल ते दाखवायचं, अशी पहिली गाडी म्हणून १९३८ च्या ब्युइक वाय-जॉबचं नाव घेतलं जातं. ती जनरल मोटर्सचे डिझायनर हार्ली अर्ल यांची. ही परंपरा चाकोरीबाहेरच्या गाड्यांना पुढे येऊन मिळाली. २०१२ मध्ये मर्सिडीझची एनर-जी-फोर्स आली. २०१९ च्या जानेवारीत ह्युंदाईने एलिव्हेट दाखवली. चाकांना पाय जोडून ती भिंतही चढेल असा दावा होता. कल्पना धाडसी आहे, पण पूर आलेल्या किंवा दरड कोसळलेल्या जागी मदत पोहोचवणं हा तिच्यामागचा विचार मला पायांपेक्षा मोठा वाटतो. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या कृष्णाकाठाला हे वेगळं सांगायला नको. १५ ऑगस्ट २०२३ ला महिंद्राने केपटाउनमध्ये विजेवरची थार.ई दाखवली. बॅटरी, स्क्रीन, चौकोनी दिवे सगळं नवं, तरी उभं नाक आणि आखूड टोकं १९४० चीच.

सांगली जिल्ह्यात लोखंड आणि माती यांची ओळख किर्लोस्करवाडीने १९१० पासून नांगराच्या रूपाने करून दिली होती. तिथून फार लांब नसलेल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातल्या सुट्या भागांतून, सुमारे साठ हजार रुपयांत, एक छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आनंद महिंद्रा यांनी बदल्यात नवी बोलेरो दिली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती जीप महिंद्राच्या संशोधन केंद्राच्या संग्रहात गेली. ती स्कूटरसारखी किक मारून सुरू होते, आणि तिचं स्टिअरिंग आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांसारखं उजवीकडे नाही. १९४० च्या अमेरिकी जीपसारखं ते डावीकडे आहे.