अंग इथे, लक्ष तिथे

ऑफिसची मीटिंग संपते, लॅपटॉप मिटतो आणि लगेच मुलीचं गणित समोर येतं. वेळापत्रकात या दोन कामांमध्ये फटही नसते. मेंदूला मात्र एकातून निघून दुसऱ्यात शिरायला वेळ लागतो आणि तो वेळ कुठल्याच रकान्यात लिहिलेला नसतो. नोकरी, मुलं, आईवडील, घर असं सगळं एकाच दिवसात निभावणाऱ्याचे तास नेमके अशा सांध्यांमधून गळतात.

हे तपासायला कागद-पेन्सिल पुरते. दोन अंकी वीस संख्या एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीत ३ मिळवत खाली या. मग तशीच दुसरी यादी घ्या. एका संख्येत ३ मिळवा, पुढचीतून ३ वजा करा, असं आलटून-पालटून. बेरीजही सोपी, वजाबाकीही सोपी, तरी बहुतेकांचा हात दुसऱ्या यादीत अडखळतो. मानसशास्त्रज्ञ आर्थर जर्सिल्ड यांनी अशा याद्यांचे प्रयोग १९२७ मध्येच केले होते. पुढे १९९५ मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल यांना दिसलं, की काम आता बदलणार हे आधी ठाऊक असलं आणि तयारीला अवधी मिळाला, तरी ही अडखळ कमी होते, पुरती जात नाही.

प्रयोगशाळेत हा तोटा सेकंदाच्या अंशांचा असतो. रोजच्या जगण्यात तो वाढतो, कारण मागचं काम सहसा अर्धवट सुटलेलं असतं. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये यालाच ‘लक्षाचा अवशेष’ म्हटलं: माणूस पुढच्या कामाला लागतो, पण लक्षाचा एक तुकडा मागेच रेंगाळतो आणि पुढचं काम त्या प्रमाणात कच्चं होतं.

मग काय, प्रत्येक काम संपवूनच उठायचं? ते कुणालाच शक्य नाही, आणि सुदैवाने त्याची गरजही नाही. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत अपुऱ्या कामांचे विचार वाचनात लुडबुड करत होते. ते काम कधी, कसं करायचं हे लोकांनी नेमकं ठरवल्यावर लुडबुड थांबली. काम तसंच पडून होतं, फक्त बेत पक्का झाला होता. लरॉय यांनीही नंतर दाखवलं, की काम अर्ध्यात सोडावं लागलं तर परतल्यावर कुठून सुरुवात करायची हे मिनिटभरात टिपून ठेवल्याने फरक पडतो. अट एकच, टिपण नेमकं हवं. ‘रिपोर्ट बाकी’ एवढंच लिहून फारसं काही साधणार नाही. ‘तिसऱ्या तक्त्यातला जूनचा आकडा जुळत नाही, उद्या आधी तो, मग शेवटचं पान’ असं लिहिलं, की मन सुटतं.

प्राधान्यक्रमाचं दुखणं वेगळं. झू, यांग आणि शी यांच्या २०१८ च्या अभ्यासात, मुदत जवळ आल्याचा नुसता आभास निर्माण केल्यावर लोकांनी जास्त मोबदल्याचं काम सोडून कमी मोबदल्याचं उचललं. स्वतःला सतत व्यग्र समजणारे यात जास्त फसले! निवड करतानाच मोबदल्याकडे लक्ष वेधलं, तेव्हा ही ओढ कमी झाली. मुदत जवळजवळ नेहमी नोकरीतल्या कामाला असते. वडिलांशी निवांत बोलण्याला कुणी मुदत घालून देत नाही, म्हणून ते मागे पडत राहतं.

आणि काही गोष्टी टिपणाने सुटत नाहीत. ग्रीनहाउस आणि ब्युटेल यांनी १९८५ मध्ये नोकरी आणि घर यांच्यातल्या वेळेच्या ओढाताणीपासून ताणाची ओढाताण वेगळी काढली. साहेबांचा राग डोक्यात घेऊन आलेल्या माणसाची संध्याकाळ मोकळी असली तरी घरच्यांच्या वाट्याला तो माणूस येत नाही. तिथे कॅलेंडरवर कितीही रंग भरा. तरीही ‘जबाबदाऱ्या कमी करा’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही. समाजशास्त्रज्ञ सॅम सीबर यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं, की एका भूमिकेत मार खाल्लेल्या माणसाला दुसरी भूमिका सावरू शकते. त्यापेक्षा दिवसातली ये-जा कमी करणं जमण्यासारखं आहे: दर दहा मिनिटांनी ऑफिसचा फोन बघत मुलीला शिकवण्याऐवजी तासभर फक्त गणित, आणि फोन दुसऱ्या खोलीत.