प्रायोगिक वाफ्याचे आकारमान

शेतपिकांच्या तुलनात्मक प्रयोगात ज्या लहानात लहान क्षेत्राला एक वाण, एक खतमात्रा किंवा अशीच एखादी प्रक्रिया दिली जाते, त्या क्षेत्राला प्रायोगिक वाफा म्हणतात. आकारमान म्हणजे वाफ्याचे क्षेत्रफळ, तर आकार म्हणजे त्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाण. या दोन गोष्टी वेगळ्या असून त्यांची नेहमीच गल्लत होते.

वरवर सपाट व एकसारख्या दिसणाऱ्या शेतातही मातीची खोली, ओल आणि सुपीकता जागोजागी बदलते. हा बदल मोजण्यासाठी सर्व शेतात एकच वाण पेरून, सर्वत्र सारखीच मशागत करून, पीक मात्र लहान तुकड्यांत वेगवेगळे कापून तोलतात. या एकसमानता चाचणीचे प्रसिद्ध उदाहरण मर्सर व हॉल यांनी 1911 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे एक एकर गव्हाची कापणी 500 तुकड्यांत केली होती. शेजारचे तुकडे जोडून मोठे वाफे कल्पिले की विचरण, म्हणजे वाफ्या-वाफ्यांच्या उत्पादनातील चढ-उताराचे माप, घटते, पण ही घट क्रमाने मंदावते. आकारमान व विचरण यांच्या आलेखातील वळण जेथे सर्वांत तीव्र, ते आकारमान योग्य मानण्याची पद्धत लोकप्रिय असली, तरी ते वळण आलेखाच्या मापप्रमाणावर अवलंबून असल्याने तिच्यावर फार विसंबू नये.

फेअरफिल्ड स्मिथ यांनी 1938 मध्ये मांडलेला नियम अधिक उपयोगी आहे. वाफा जितक्या पट मोठा करावा, त्या पटीच्या ‘ब’ या घाताने दर एकक क्षेत्राच्या उत्पादनाचे विचरण भागले जाते. ‘ब’ साधारणपणे 0 ते 1 यांदरम्यान असतो. शेजारच्या जागा जितक्या एकमेकींसारख्या, तितका तो लहान. ‘ब’ 0.5 असेल तर चौपट मोठ्या वाफ्याने विचरण केवळ निम्मे होते, तर तेवढेच क्षेत्र चौपट पुनरावृत्तींना (म्हणजे तीच प्रक्रिया दिलेल्या आणखी वाफ्यांना) दिल्यास सरासरीचे विचरण एक-चतुर्थांशावर येते. म्हणून क्षेत्र मर्यादित असता वाफा वाढवण्यापेक्षा पुनरावृत्ती वाढवणे सहसा फायद्याचे ठरते. मात्र आखणी, खुणा, नोंदी यांचा दर वाफ्यामागील खर्च मोठा असेल, तर योग्य आकारमानही वाढते.

फार लहान वाफ्याला कडेचा परिणाम मारक ठरतो, कारण कडेच्या ओळींना प्रकाश व जागा अधिक मिळते आणि शेजारच्या वाफ्यातील खत-पाणीही पोहोचते. त्यामुळे कडा सोडून निव्वळ वाफ्याचेच उत्पादन मोजतात. ओळींत 30 सेंमी अंतर असलेल्या 5 × 3 मी.च्या वाफ्यात दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा मीटर सोडला, तर 15 चौ.मी.पैकी 9.6 चौ.मी. उरतात, म्हणजे 36 टक्के क्षेत्र मोजणीबाहेर जाते. शिवाय अशा वाफ्यातून 100 ग्रॅम धान्य सांडले, तरी हेक्टरी हिशेबात सुमारे 104 किलोची चूक होते.

सुपीकतेच्या चढ-उताराची दिशा ठाऊक असल्यास लांबट वाफे त्या दिशेला समांतर आखतात, म्हणजे प्रत्येक वाफ्यात बरी-वाईट दोन्ही जमीन येते. दिशा ठाऊक नसल्यास, किंवा कडेचा परिणाम मोठा असल्यास, चौरसाजवळचा आकार बरा, कारण त्यात क्षेत्रफळाच्या मानाने कडा कमी असते. अंतिम निर्णय पुष्कळदा अवजारेच घेतात: पेरणीयंत्राच्या रुंदीच्या पटीत न बसणारा वाफा, गणिताने कितीही योग्य ठरला, तरी प्रत्यक्षात आखला जात नाही.