मे महिन्यात जुन्या गाडीचा एसी का दमतो

मे लागला, जळगावचा पारा ४४-४५ वर गेला की आमच्या १९८९ च्या गाडीचा एसी नुसता वारा फेकायचा, आणि गॅरेजला नेली की पहिलं वाक्य ठरलेलं, "गॅस संपला भो, भरून टाकू." दोन उन्हाळे भरला पण. अरे पण गॅस म्हणजे पेट्रोल नाही ना, तो जळत नाही, बंद पाइपात तोच तोच फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, ते न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आमच्याकडे लीक नव्हतंच. पारोळ्याच्या रस्त्याला ७० च्या स्पीडला मस्त गार, आणि अजिंठा चौफुलीवर ट्रकमागे दोन मिनिटं थांबलो की गरम. ही खूण लक्षात ठेवा.

एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमधे गॅस उकळतो, जुन्या गाड्यांतला आर-१२ नावाचा गॅस तर साध्या हवेच्या दाबाला उणे ३० अंशालाच उकळतो, उकळताना केबिनमधली उष्णता ओढतो, मग कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमधे तो ६० अंशांच्या आसपास ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन परत द्रव होतो. आता बघा, बाहेर ३० असेल तर ६० च्या गॅसला ३० अंशांचा फरक मिळतो, आपल्याकडे ४५ ला फक्त १५ चा. त्यात गाडी उभी, म्हणजे वारा फक्त फॅनचा.

म्हणून आधी पाण्याची टेस्ट करा. इंजिन चालू, एसी फुल, आणि पुढून कंडेन्सरवर हळूहळू पाणी ओता, हात फॅनपासून लांब ठेवून. आतली हवा लगेच गार व्हायला लागली तर बहुतेक गॅसचा दोष नाही, कंडेन्सरला हवा पुरत नाहीये. आमच्या कंडेन्सरच्या पत्र्यांत धूळ आणि जिनिंगकडची रुई अशी घट्ट बसली होती की पलीकडचं दिसेना! मागच्या बाजूने साध्या पाइपाने धुतलं, प्रेशर मारलं तर पत्रे वाकतात. शिवाय एक इलेक्ट्रिक फॅन बसवला.

आर-१२ ओझोनच्या थराला घातक म्हणून बंद झाला, १९८७ च्या माँट्रियल करारातून, त्यामुळे आता जुन्या गाड्यांत आर-१३४ए भरतात. तो कॉम्प्रेसरच्या जुन्या ऑइलमधे मिसळत नाही, ऑइल बदलावंच लागतं, आणि वजनाने १०-२० टक्के कमी भरायचा असतो. अंदाजाने जास्त भरला तर प्रेशर वाढून एसी उलट ढिला पडतो, हे मला फार खटकतं, कारण वजनकाटा लावून भरणारे कमीच.

एवढं करूनही गार नसेल तर हीटरचा कॉक बघा. तो नीट बंद होत नसेल तर इंजिनचं गरम पाणी हीटरमधे फिरत राहतं आणि एसीने गार केलेली हवा तिथेच परत तापते. कॉक बंद करून त्यातून हीटरकडे जाणाऱ्या पाइपाला जपून हात लावा, कडक तापला असेल तर कॉक बदला.