दिव्यामागचा खटका

दिव्याचा इतिहास म्हटला की एडिसनचं नाव निघतं आणि गोष्ट बल्बापाशीच संपते. भिंतीवरच्या बटणाबद्दल कोणी बोलत नाही. मला मात्र वाटतं की विजेचा दिवा घरात नांदू लागला तो बटणामुळे. आणि आपल्या घरातल्या बटण-होल्डरचं मूळ शोधायला निघालं, तर अमेरिकेऐवजी इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, न्यूकॅसलला जावं लागतं.

जोसेफ स्वान तिथला रसायनतज्ज्ञ. कार्बन केलेली कागदाची पट्टी काचेच्या फुग्यात तापवून उजेड काढायचा खटाटोप त्याने १८६० च्या सुमारासच केला होता. पण फुग्यातली हवा पुरती निघत नव्हती, आणि प्राणवायू मिळाला की तापलेला कार्बन जळून जातो. १८६५ मध्ये हवा उपसून काढणारा स्प्रेंगेलचा पाऱ्याचा पंप आला आणि ही अडचण सुटण्याजोगी झाली. १८७९ च्या सुरुवातीला स्वानने न्यूकॅसलमध्ये आपला दिवा लोकांना दाखवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात एडिसनच्या प्रयोगशाळेत कार्बन केलेल्या सुती दोऱ्याचा दिवा काही तास टिकला. १८८३ मध्ये दोघांची ब्रिटनमध्ये एकच कंपनी झाली.

दिवा लागला, पण विझवायचा कसा? तेलाच्या दिव्याला पदर किंवा फुंकर, गॅसच्या दिव्याला चावी. विजेला काय?

न्यूकॅसलच्या उत्तरेला क्रॅगसाइड नावाचा वाडा आहे. त्याचा मालक विल्यम आर्मस्ट्राँग हा बडा कारखानदार. १८८० मध्ये त्याने घरात स्वानचे दिवे लावले; वीज आपल्याच तळ्याच्या पाण्यावर केलेली. ग्रंथालयातले काही दिवे त्याने तांब्यावर मीनाकाम केलेल्या कलशांवर बसवले. कलशाचं तांबं हीच परतीची तार. दुसरी तार कलशाच्या बुडातून खाली डोकावायची आणि बैठकीतल्या पाऱ्याच्या वाटीत बुडायची. कलश ठेवला की दिवा लागे, उचलला की विझे. विजेचा रस्ता पूर्ण करणं आणि तोडणं, बटणाचं सगळं काम इतकंच. ते इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी मांडणी मला माहीत नाही.

घरोघरी पाऱ्याच्या वाट्या ठेवणं शक्य नव्हतं. धातूच्या दोन पट्ट्या जोडायच्या आणि सोडवायच्या, हा सोपा मार्ग. त्यात मोठी खोट होती. पट्ट्या हळूहळू दूर केल्या की मधल्या फटीतल्या हवेतून वीज वाहत राहते, ठिणगीची कमान तयार होते आणि धातू वितळून खरबडतो. तेव्हाच्या घरांत एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज असे, त्यामुळे ही कमान सहज तुटत नसे. आग लागण्याची भीती खरीच होती.

उपाय न्यूकॅसलच्याच जॉन हेन्री होम्सने १८८४ मध्ये काढला. त्याने बटणात स्प्रिंग बसवली. बोट कितीही सावकाश हलो, एका बिंदूपलीकडे स्प्रिंग स्वतः झडप घालते आणि पट्ट्या क्षणात विलग करते. कमानीला टिकायला वेळच मिळत नाही. आपण बटणाला ‘खटका’ म्हणतो, तो आवाज या झडपेचा आहे.

पुढे घरात एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज आली. आपल्याकडची ५० हर्ट्‌झची वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून कमान आपोआप विझते आणि बटणं लहान, हलकी करता आली. छतावरच्या सौर पॅनेलच्या डीसी तारेवर घरातलं साधं बटण लावू नये, ते याच कारणाने.

मुंबईत १९०५ मध्ये वीज आणि ट्रामची कंपनी उभी राहिली, १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. सामान ब्रिटिश वळणाचं आलं: दोन खुंट्यांचा, दाबून फिरवायचा बल्ब, आणि खाली दाबलं की चालू होणारं बटण. अमेरिकेत बल्ब आट्यांचा असतो आणि बटण वर केलं की चालू. जुन्या घरांत लाकडी बोर्डावरची काळी बेकेलाइटची बटणं अजून दिसतात.

बल्ब मात्र बदलत गेला. कार्बन जाऊन टंगस्टन आलं, मग ट्यूबलाइट, सीएफएल. निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला, त्याला २०१४ चं नोबेल मिळालं. जुना टंगस्टनचा बल्ब जेमतेम पाच टक्के वीज उजेडात बदलायचा, बाकी सगळी उष्णता.

या नव्या बल्बाने बटणाची एक जुनी चूक उघडी पाडली. बटण फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर हवं. ते न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर घेतलं असेल तर बंद केल्यावरही तारांतून झिरपणाऱ्या किंचित विजेवर एलईडी मंद उजळत राहतो. टंगस्टनच्या बल्बाला एवढ्याने काहीच होत नसे, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपून राहायची. बटणातल्या छोट्या लाल दिव्यामुळेही असं होऊ शकतं. तरी वायरमनकडून तपासून घ्यावं, कारण बटण न्यूट्रलवर असेल तर ते बंद असतानाही होल्डरच्या पिनांत वीज असते, आणि बल्ब बदलताना बोटं नेमकी तिथेच जातात.